जुनं इंग्लिश गावचर्च कसं बघायचं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडला शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे चार महिने राहायला गेलेली आपली मंडळी लंडन बघतात, बाथ बघतात, एखादं मोठं कॅथेड्रलही बघून येतात, पण राहत्या गावातल्या जुन्या पॅरिश चर्चचा, म्हणजे गाव आणि आसपासच्या हद्दीसाठी असलेल्या चर्चचा, बाहेरून एक फोटो काढतात आणि पुढे जातात. हे मला खरंच खटकतं. कॅथेड्रलमागे राजे होते, बिशप होते, त्यांचा पैसा होता. गावातलं चर्च मात्र त्या हद्दीतल्या लोकांनी उभं केलं, शेतकऱ्यांनी, लोकरीच्या व्यापाऱ्यांनी, जमीनदारांनी, आणि पुढची कित्येक शतकं त्यात सतत काहीतरी पाडलं, वाढवलं, बुजवलं, परत उघडलं. चर्च ऑफ इंग्लंडकडे आज साधारण १६,००० चर्चेस आहेत, त्यातली हजारो मध्ययुगातली, म्हणजे तुम्ही कुठेही राहत असलात तरी एखादं जवळपास असणारच. आणि सहसा तिकीट नसतं.

आत शिरायच्या आधी एक सवय लावून घ्या. "हे चर्च कितव्या शतकातलं?" असं विचारू नका, कारण त्याला बहुतेक वेळा एक उत्तर नसतंच. खालची भिंत १२व्या शतकातली, खिडकी १५व्या, छप्पर १९व्या, असंच असतं. विचारायचं ते हे: हा तुकडा कधीचा, तो इथे का घातला आणि पैसे कोणी दिले? पुढचं सगळं ह्या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

निघायच्या आधी

रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा बघायला म्हणून जाऊ नका, शनिवार बरा. दार बंद असलं तर लगेच परत फिरू नका, पोर्चमधल्या नोटीस बोर्डावर किल्ली कोणाकडे आहे ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं आणि किल्ली देणारे लोक अगदी आनंदाने देतात, वर दोन गोष्टी सांगतातही. बरोबर एक चांगला टॉर्च आणि जमलं तर छोटी दुर्बीण घ्या, कारण सगळ्यात सुंदर कोरीव काम छतात असतं आणि नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाही. जॅकेट उन्हाळ्यातही लागतं, जाड दगडी भिंतींच्या आत गारठा असतो. दारात जाळीचं दुसरं दार असेल तर आत-बाहेर करताना ते आठवणीने लावा, नाहीतर पक्षी आत अडकतात आणि मरतात.

आधी दिशा, मग बाहेरून पूर्ण फेरी

जुनं चर्च साधारण पूर्व-पश्चिम असतं. वेदी पूर्वेला, टॉवर बहुतेक वेळा पश्चिमेला, आणि नेहमीचं दार दक्षिणेकडून, पोर्चमधून. लांब मोठा भाग असतो तो नेव्ह, तिथे गावकरी जमायचे. पूर्वेकडचा लहान आणि बहुधा जरा बुटका भाग म्हणजे चॅन्सल, तो पाद्र्यांचा. सभामंडप आणि गाभारा डोळ्यासमोर आणा, मांडणी पटकन लक्षात राहील. नेव्हच्या बाजूंना खांबांच्या रांगेपलीकडे ज्या पडव्या असतात त्यांना आइल म्हणतात.

ह्या दोन भागांचा हिशोबही वेगळा होता. १३व्या शतकापासून पद्धत अशी पडली की नेव्ह गावकऱ्यांनी सांभाळायचा आणि चॅन्सल रेक्टरने, म्हणजे ज्याला त्या पॅरिशचं दशमांश उत्पन्न मिळायचं त्याने. म्हणून कित्येक ठिकाणी नेव्ह भव्य, उजेडाने भरलेला आणि चॅन्सल जुनाट, छोटासा दिसतो, कारण गावाकडे पैसा आला पण रेक्टरने खर्च केला नाही. उलटंही दिसतं. ही जबाबदारी इतकी चिवट निघाली की वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका शेताच्या मालकांवर, केवळ त्या जमिनीबरोबर हे जुनं ओझं आलं म्हणून, चॅन्सल दुरुस्तीचा खर्च आला आणि केस २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत जाऊन त्यांच्या विरोधात लागली.

तर फेरी. घाई न करता चर्चला एक पूर्ण वळसा घाला आणि भिंतीतले सांधे शोधा. दगडाचा रंग किंवा आकार अचानक बदलतो का, एखादी कमान मधेच तुटलीये का, बुजवलेलं दार किंवा खिडकी दिसते का. उत्तरेकडचं दार बऱ्याचदा बुजवलेलं सापडतं. मग टॉवरची नेव्हकडची बाजू बघा, तिथे छपराच्या वर उलट्या व्हीसारखी दगडाची रेघ उमटलेली असते. ती जुन्या उतरत्या छपराची खूण. १५व्या शतकात अनेक ठिकाणी उंच छप्पर काढून जवळजवळ सपाट, शिशाचं छप्पर घातलं आणि नेव्हच्या भिंती उंचावून वर खिडक्यांची एक रांग बसवली, तिला क्लिअरस्टोरी म्हणतात, आणि जुनी रेघ मागे राहून गेली. ही रेघ पहिल्यांदा ओळखू आली ना की मग प्रत्येक गावात मान आपोआप तिकडे वळते.

दक्षिणेकडच्या भिंतीवर, दाराच्या आसपास, एक भोक आणि त्यातून निघालेल्या खाली जाणाऱ्या रेघा कोरलेल्या दिसल्या तर ते सूर्यघड्याळ आहे, प्रार्थनेची वेळ बघायला केलेलं. भोकात काडी खोचायची, सावली रेघेवर आली की वेळ झाली.

खिडक्या शिका, अर्धं काम झालं

इथे मात्र वेळ द्या. १८१७ मध्ये थॉमस रिकमन नावाच्या माणसाने इंग्लंडमधल्या ह्या शैलींची वर्गवारी छापली आणि त्याने दिलेली नावं आजही सगळे वापरतात. क्रम असा.

आधी सॅक्सन, म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्याच्या आधीचं, हे फार थोडं उरलंय. काउंटी डरहॅममधलं एस्कम चर्च ७व्या शतकातलं आहे, उंच आणि अरुंद, जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्याचे दगड आणून बांधलेलं, सहाव्या रोमन लीजनचं, म्हणजे सैन्याच्या तुकडीचं, नाव असलेला एक दगड तर त्यांनी उलटाच बसवलाय. नॉर्थॅम्प्टनशरमध्ये अर्ल्स बार्टनचा टॉवर बघा, भिंतीवर दगडाच्या उभ्या पट्ट्या, कोपऱ्यांवर एक दगड उभा एक आडवा अशी रचना, आणि काही ठिकाणी गोल कमानीच्या जागी नुसता त्रिकोण. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं सॅक्सन चर्च तर शाळा आणि राहतं घर म्हणून वापरात होतं, ते चर्च आहे हेच लोक विसरले होते, १९व्या शतकात तिथल्या व्हिकरच्या, म्हणजे पाद्र्याच्या, लक्षात आलं.

मग नॉर्मन, १०६६ पासून साधारण ११९० पर्यंत. अर्धगोल कमान, लहान खिडकी, अतिशय जाड भिंत, आणि दाराभोवती झिगझॅग नक्षी. ऑक्सफर्डजवळचं इफ्ली आणि हेरफर्डशरमधलं किलपेक ही दोन बघितलीत की नॉर्मन परत कधी चुकणार नाही. किलपेकला छपराखाली भिंतीच्या कडेने ऐंशीहून जास्त कोरीव मुंडकी आणि प्राणी आहेत, कुत्रा, ससा, राक्षस, आणि एक निर्लज्जपणे बसलेली बाई सुद्धा, सगळं साधारण ११४० चं आणि लाल दगडात इतकं ताजं की विश्वास बसत नाही.

त्यानंतर टोकदार कमान आली. १३व्या शतकातल्या अर्ली इंग्लिश शैलीत खिडकी उंच, अरुंद, वर टोकदार आणि आत कसलीही जाळी नाही, हिला लॅन्सेट म्हणतात. पूर्वेच्या भिंतीत अशा तीन किंवा पाच शेजारी शेजारी असतात. पुढे दोन लॅन्सेट जवळ आणून त्यांच्यावर एक गोल भोक पाडलं, मग ती सगळी एकाच मोठ्या कमानीत बसवली, आणि त्यातून दगडी जाळीची खिडकी जन्माला आली.

साधारण १२८० ते १३५० मधली ती डेकोरेटेड. खिडकी रुंद झाली, खाली उभ्या दगडी पट्ट्या आणि वर जाळी. सुरुवातीला वर्तुळं आणि तिपानी-चौपानी फुलं, अगदी कंपासने काढल्यासारखी, नंतर त्याच रेषा वळायला लागल्या आणि ज्वाळेसारख्या वर चढल्या. लिंकनशरमधलं हेकिंग्टन ह्यासाठी बघा, आख्खं चर्च बहुतांशी एकाच काळात झालेलं असं उदाहरण दुर्मिळ. माझ्या मते इंग्लिश दगडकाम इतकं मोकळं आधीही नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

आणि १३४८ मध्ये प्लेग आला, ब्लॅक डेथ. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलच्या चर्चमध्ये टॉवरच्या आतल्या भिंतीवर कोणीतरी १३५० मध्ये लॅटिनमध्ये खरवडून ठेवलंय की फक्त गाळ तेवढा जगलाय, साक्ष द्यायला. आजही वाचता येतं. कामगार कमी झाले, पैसा हळूहळू वेगळ्या हातांत गेला, आणि जी शैली पुढे देशभर पसरली ती म्हणजे पर्पेंडिक्युलर, साधारण १३५० पासून १५३० च्या दशकापर्यंत. (तिची सुरुवात प्लेगच्या आधीच झाली होती, त्यामुळे प्लेगमुळेच साधेपणा आला असं सरसकट म्हणू नका.) ओळख सोपी: खिडकीतली उभी पट्टी नजरेने खालून वर न्या, ती न वाकता सरळ कमानीला जाऊन भिडली तर पर्पेंडिक्युलर, वाटेत वळली तर डेकोरेटेड. शिवाय आडव्या पट्ट्या, चपटी कमान, आणि काच इतकी की भिंत उरतच नाही.

आता खबरदारी. खिडकीवरून भिंतीचं वय ठरवू नका. जुन्या नॉर्मन भिंतीला भोक पाडून मोठी खिडकी बसवणं हे नेहमीचंच काम होतं, उजेड हवा होता, काच दान करणारा मिळाला होता. खिडकीच्या चौकटीभोवतीचे दगड बाकी भिंतीशी जुळतात का ते बघा. आणि कडा फार धारदार, सगळं एकसारखं, कुठे झीज नाही असं असेल तर ते व्हिक्टोरियन असण्याची शक्यता जास्त.

दगड कुठला

थोडक्यात सांगतो. वाहतूक महाग म्हणून जवळ जे मिळेल ते वापरायचे. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाळ रंगाचा चुनखडक, नॉरफक-सफकमध्ये चांगला दगडच नाही म्हणून गारगोटी, म्हणजे फ्लिंट. फ्लिंटचा कोपरा काढणं अवघड, त्यामुळे नॉरफकमध्ये शंभरहून जास्त चर्चेसना गोल टॉवर आहेत, निदान एक कारण तरी हेच सांगतात. नंतर तिथल्याच गवंड्यांनी फ्लिंट फोडून, काळी चकचकीत बाजू बाहेर ठेवून, फिक्या दगडाच्या चौकटीत बसवायची कला काढली, उन्हात ती भिंत बघाच.

आत गेल्यावर

दारातून लगेच वेदीकडे चालू नका. पश्चिमेच्या टोकाला जा आणि तिथून पूर्वेकडे तोंड करून दोन मिनिटं उभे राहा. बाप्तिस्म्याचं दगडी भांडं, फॉन्ट, सहसा इथेच दाराजवळ असतं. ते आजूबाजूच्या इमारतीपेक्षाही जुनं असू शकतं, चर्च नवं बांधलं तरी फॉन्ट जपायचे. त्याच्या काठावर तुटलेले लोखंडी तुकडे किंवा डागडुजी दिसली तर तिथे कुलूप होतं, कारण मंत्रवलेलं पाणी लोक जादूटोण्यासाठी चोरतील म्हणून झाकणाला कुलूप लावायचा हुकूम होता.

आता खांबांच्या रांगा, आर्केड. डावी आणि उजवी नीट ताडून बघा, बहुतेक ठिकाणी वेगळ्या निघतात, एकीकडे जाड गोल खांब आणि गोल कमानी, दुसरीकडे आठकोनी खांब आणि टोकदार कमानी. म्हणजे एक आइल आधी जोडला, दुसरा शंभर वर्षांनी. आणि जोडायची पद्धत फार हुशारीची होती: जुन्या नेव्हच्या बाहेर आधी आइल बांधून घ्यायचा, तोवर आत प्रार्थना चालूच, आणि मग मधल्या भिंतीला कमानी पाडायच्या. त्यामुळे कमानींच्या वरची भिंत खालच्या खांबांपेक्षा जुनी असू शकते! वर नीट बघा, कधीकधी कमानीने अर्धी कापलेली एखादी जुनी छोटी खिडकी अजून तिथे दिसते. जुन्या चर्चमध्ये मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

छपराकडे दुर्बीण लावा. केंब्रिजशरमधल्या मार्च गावात सेंट वेंड्रेडा चर्चच्या लाकडी छतात शंभराहून जास्त पंख पसरलेले देवदूत आहेत.

चॅन्सलमध्ये दक्षिणेच्या भिंतीत, वेदीजवळ, एक छोटा कोनाडा आणि त्यात भोक असलेली वाटी असते, तो पिसीना, तिथे पूजेची भांडी धुतलेलं पाणी थेट जमिनीत सोडायचे. त्याच्या शेजारी भिंतीतच केलेल्या तीन बैठका पाद्र्यांसाठी. पिसीना आइलच्या टोकाला दिसला तर ओळखा की तिथेही एक वेदी होती, आज तिथे कपाट नाहीतर खुर्च्यांची थप्पी असली तरी.

जे नाही ते बघा

मध्ययुगीन चर्च आतून राखाडी आणि शांत नव्हतं, भिंती रंगवलेल्या होत्या, खिडक्यांत रंगीत काच, मूर्ती, मेणबत्त्या, आणि नेव्ह-चॅन्सलच्या मध्ये कोरीव लाकडी पडदा, त्याच्यावर माळा आणि माळ्यावर ख्रिस्ताचा मोठा क्रूस. १५३० च्या दशकात इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून फुटलं आणि एडवर्ड सहाव्याच्या राज्यात, म्हणजे १५४७ नंतर, क्रूस उतरवले, मूर्ती फोडल्या, भिंतींवर चुना फासला, दगडी वेद्या काढून लाकडी टेबलं आणली. उरलंसुरलं शंभर वर्षांनी गेलं, विल्यम डाउझिंग नावाचा माणूस १६४३-४४ मध्ये केंब्रिजशर आणि सफकमधल्या चर्चेस फिरून मूर्ती आणि काचा फोडत होता आणि कुठे काय फोडलं त्याची रोजनिशीही ठेवत होता.

म्हणून चॅन्सलच्या कमानीजवळ भिंतीत उंचावर एखादं दार दिसलं, ज्यातून बाहेर पाऊल टाकलं तर माणूस सरळ खाली पडेल, तर तो त्या गेलेल्या माळ्याचा जिना आहे. पडद्याचा खालचा भाग काही ठिकाणी राहिलाय, नॉरफकमधल्या रॅनवर्थला त्यावरचे संत अजून रंगांसकट आहेत. जमिनीवरच्या फरशांत पाच छोटे क्रूस कोरलेला मोठा दगड सापडला तर ती जुनी वेदी, मुद्दाम पायाखाली टाकलेली. आणि सफकमधल्या वेनहॅस्टनची गोष्ट ऐकाच: चॅन्सलच्या कमानीत चुना फासलेल्या जुन्या फळ्या होत्या, १८९२ मध्ये दुरुस्तीत त्या काढून बाहेर टाकल्या, रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि खाली अंतिम न्यायाचं पूर्ण चित्र निघालं. ते आज चर्चमध्येच लावलंय.

टॉर्च इथे कामी येतो. भिंतीवर समोरून नाही, बाजूने, भिंतीला जवळजवळ चिकटवून उजेड टाका, मग बारीक खरवडलेली अक्षरं, जहाजं, वर्तुळं उठून दिसतात. रंगवलेल्या भिंतीला हात मात्र लावू नका.

पैसे कोणी दिले

ह्याचं उत्तर दगडात लिहिलेलं असतं. माणूस मेल्यावर आत्म्यासाठी प्रार्थना चालू राहाव्यात म्हणून श्रीमंत लोक चर्चला पैसे द्यायचे आणि नाव दिसेल असं बघायचे. सफकमधल्या लाँग मेलफर्डला बाहेरच्या भिंतीवर फ्लिंटमध्ये चक्क दानशूरांची नावं आणि त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा अशी विनंती आहे. लॅव्हनहॅमच्या टॉवरवर कापडव्यापारी स्प्रिंग घराण्याच्या खुणा आहेत. नॉर्थलीचला जॉन फोर्टी ह्या लोकर व्यापाऱ्याचा, १४५८ मध्ये वारला, पितळी पत्र्यावरचा पुतळा एक पाय मेंढीवर आणि एक पाय लोकरीच्या पोत्यावर ठेवून उभा आहे. जमिनीवरचे असे पत्रे बऱ्याचदा सतरंजीखाली असतात, हळूच उचला आणि बघून झाल्यावर नीट परत घाला.

व्हिक्टोरियन लोकांना विसरू नका

१९व्या शतकात जवळजवळ प्रत्येक मध्ययुगीन चर्चची दुरुस्ती झाली, कधी जीव वाचवणारी, कधी जुनं सगळं घालवणारी. आतला गिलावा खरवडून दगड उघडे केले, त्याबरोबर चित्रंही गेली. ह्याला विरोध म्हणून विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवणारी संस्था काढली. त्या काळातला सगळ्यात कामसू दुरुस्तीवाला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, त्याचं नाव आपल्याला जवळचं, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षांत सभागृह त्याच्याच आराखड्यावर, भारतात न येता केलेलं. आणि तुम्ही अजून मुंबईतच असाल तर निघायच्या आधी कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाऊन या. १८५८ चं आहे, पण अर्ली इंग्लिशच्या टोकदार कमानी, नेव्ह, आइल, चॅन्सल हे सगळं तिथे डोळ्यांना सवय करून घ्यायला मिळतं.

ऐकीव गोष्टींबद्दल

चॅन्सल नेव्हच्या रेषेत नसून जरा वाकडा असेल तर कोणीतरी सांगेलच की ती क्रूसावर कललेली ख्रिस्ताची मान आहे. साधं कारण हे की दोन भाग वेगवेगळ्या काळात बांधले आणि रेषा चुकली. पाय एकमेकांवर टाकलेला सरदाराचा पुतळा म्हणजे तो क्रुसेडला, धर्मयुद्धाला, गेला होता, हेही खरं नाही, ती त्या काळातली घडवायची पद्धत होती. चॅन्सलच्या भिंतीत खालच्या बाजूला असलेल्या खिडकीला महारोग्यांची खिडकी म्हणतात, पण अभ्यासक ते मानत नाहीत, तिथून घंटा वाजवत असावेत असं एक मत आहे. सांगणाऱ्याचं प्रेमाने ऐकून घ्या, पण भिंत स्वतः तपासा.

कुठून सुरुवात करायची

लंडनहून एका दिवसात करायचं तर ऑक्सफर्डला जा आणि थेम्सच्या काठाने चालत इफ्ली गाठा. पश्चिमेचं नॉर्मन दार आणि पूर्वेच्या टोकाचा १३व्या शतकातला वाढवलेला चॅन्सल, दोन शैली एकाच छोट्या चर्चमध्ये मिळतात. गाडी असेल तर लॅव्हनहॅम आणि लाँग मेलफर्ड जवळजवळ आहेत, एकाच दिवसात होतात. रंगीत काचेसाठी ग्लॉस्टरशरमधलं फेअरफर्ड, तिथे १५०० च्या आसपासच्या २८ खिडक्या मूळ काचेसकट आहेत, आणि तिथे ऊन असलेला दिवसच निवडा.

प्रत्येक ठिकाणी वहीत साधा आराखडा काढा, चौकोन, खांबांचे ठिपके, दारं, आणि प्रत्येक भागावर तुमच्या अंदाजाने शतक लिहा. आतल्या टेबलावर दोन-तीन पाउंडला माहितीपत्रक मिळतं, ते आराखडा झाल्यावरच उघडा आणि मग जिथे तुमचा अंदाज जुळत नाही त्या भिंतीपाशी परत जाऊन उभे राहा. निघताना पेटीत काहीतरी टाका, ह्या इमारतींचा छप्पर-गळतीचा खर्च आजही मुख्यतः गावातली थोडी माणसंच उचलतायत.